तिसऱ्या मजल्यावरची विहीर

“दादा, जुन्या काजळगडात, भुयाराच्या तिसऱ्या मजल्यावर जी विहीर आहे, तिच्यात पाणी किती होतं?”

एवढंच विचारायचं होतं. माझ्या वर्गातल्या दोघी, चष्मिष आणि भोंगा, शुक्रवारी मधल्या सुट्टीत पैज लावून बसल्या होत्या की मी हे विचारणारच नाही. शनिवारी दुपारी साडेचारला माझा आतेभाऊ त्याच्या चॅनेलवर लाइव्ह येणार होता, ‘काजळगड दोन’ या नव्या गेमबद्दल त्याचं पहिलं मत सांगायला, आणि तेव्हा सगळ्यांच्या देखत मी हा प्रश्न टाकायचा. हरले तर वार्षिक परीक्षेपर्यंत भोंगाचं दप्तर उचलायचं. भोंगाचं म्हणणं असं की जी मुलगी हजेरीलासुद्धा वहीत तोंड खुपसून उत्तर देते ती काय डोंबल विचारणार. गेल्या वर्षीपर्यंत हे अगदी खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

तर शनिवारी दोघी माझ्या पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या आणि मी प्रश्न टाइप करून बोट बटणावर धरून बसले होते. चष्मिष तिच्या नखांकडे बघत म्हणाली की दप्तर बरंच जड आहे, त्यात भूगोलाचा ॲटलासपण असतो. मी बटण दाबलं.

दादा काय म्हणाला ते सांगते. पण त्याआधी विहीर कुठून आली ते सांगायला हवं.

काजळगड हा फुकट खेळता येणारा ऑनलाइन गेम. आपण एक पात्र बनवायचं, टोळीत सामील व्हायचं, राक्षस मारायचे, सामान गोळा करायचं. गडाखाली सात मजली भुयार. बाहेर कुठेही गेलं तरी कोपऱ्यात नकाशा दिसतो, भुयारात मात्र तो उघडतच नाही. मशाल विझली आणि वाट चुकली की मरायचं, आणि मरताना सगळं सामान तिथेच सोडायचं. लोक भुयारात जायला घाबरायचे. मी नाही घाबरले, कारण माझ्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या पात्राचं नाव मुंगी, आणि टोळीत काम काय, तर बाकीच्यांच्या मशाली वाहणं.

मी भुयाराचा नकाशा काढला. चौदा महिने लागले. आलेखाची वही, एक चौकोन म्हणजे दहा पावलं. एका हाताने पात्र चालवायचं, दुसऱ्या हातात पेन्सिल आणि तोंडाने मोजणी. बाबांना कित्येक महिने वाटत होतं की मी पाढे पाठ करतेय, आणि ते आत्याला कौतुकाने सांगतही होते. सगळं जमल्यावर आईच्या जुन्या बारीक टोकाच्या पेनांनी शाई भरली. आई नकाशे छापणाऱ्या कंपनीत आहे. शाळेत भिंतीवर टांगतात ना शहराचे नकाशे, ते ती काढते. तिनेच मला एकदा सांगितलं होतं की त्यांच्या प्रत्येक नकाशात एक गल्ली खोटी असते. बोटाच्या पेराएवढी, कुणाच्या वाटेत न येणारी. दुसऱ्या कुणाच्या नकाशात तीच गल्ली दिसली की समजायचं, ह्याने पायपीट केलेली नाही, आमचं बघून काढलंय. बाबा कवळ्यांबद्दल बोलतात तितक्याच थंडपणे तिने हे सांगितलं. (बाबा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवतात. आमच्या घरात टेबलावर कुणाचे तरी दात असतातच.)

मग मीही एक खोटी गोष्ट काढली. तिसऱ्या मजल्यावर उत्तरेचा बोळ जिथे संपतो तिथे नुसती सपाट भिंत आहे. मी तिथे एक गोल काढला, मध्ये ठिपका दिला आणि बाजूला लिहिलं, विहीर.

दादा तेव्हा दर शनिवारी आमच्याकडे यायचा, कारण आमचं नेट जोरात. तो आत्याचा एकुलता एक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. गेममध्ये त्याचं नाव गरुडराजा, आमच्या टोळीचा नायक. त्याने वही बघितली, “अरे वा, मुंगे” म्हणाला, आणि टोळीला उपयोगी पडेल म्हणून प्रत्येक पानाचा फोटो काढला. मला इतका आनंद झाला की मी त्याला पानं सपाट धरून दिली. ते माझं मलाच अजून आठवतं, दोन्ही हातांनी पान ताणून धरलेलं, सावली पडू नये म्हणून मान मागे घेतलेली.

पुढच्या महिन्यात त्याचा व्हिडिओ आला. ‘गरुडराजाने उलगडलेलं भुयार’. नकाशा कॉम्प्युटरवर रंगवलेला, कोपऱ्यात पंख पसरलेला गरुड. तिसऱ्या मजल्यावर विहीर होतीच, वर निळं पाणीही भरलेलं. चार लाख लोकांनी बघितला. मी टोळीच्या गप्पांत लिहिलं की हा नकाशा माझा आहे. दादाने लिहिलं, “लहान मुलांची दूध पिऊन झोपायची वेळ झाली,” आणि मला टोळीतून काढून टाकलं. त्याच्या वाक्याखाली हसरी तोंडं आली. सदतीस. मोजायची सवयच लागली होती मला.

तेव्हा मी विहिरीचं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी गरुडराजासमोर मुंगीवर कोण विश्वास ठेवणार होतं. मी गप्प बसले, विहीर राखून ठेवली, आणि रोज शाळेत जाताना मनातल्या मनात दादाची खोड जिरवली. कधी रस्त्यात, कधी त्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगला. एकदा तर त्याच्या लग्नात.

आता नवा गेम. तो बुधवारी आला. शाळेतून येऊन बूटही न काढता मी तो उघडला, आणि माझं पहिलं मत विचाराल तर ते असं: मला तो भिकार निघायला हवा होता आणि तो निघाला नाही. फुकट म्हणतात, पण दाराच्या आत पाऊल टाकलं की दुकानच दुकान. पात्र बनवताना नाकाचे बहात्तर प्रकार, आणि फुकटातले केस फक्त तीन, तिन्ही आमच्या मुख्याध्यापिकेसारखे. एक बोलकी खार मागे लागते, तिला गप्प बसवायचं बटणच नाही. “ताई, हे बूट घेतलेत तर वेगाने चालाल,” असं ती दर दोन मिनिटांनी सांगते. मी नाही घेतले. गोगलगायीसारखी चालत राहिले. पण मशालीचा उजेड भिंतीवरून असा सरकतो की दगडाचा खरखरीतपणा बोटांना जाणवावा. स्वतःची सावली पडते. आणि जुनंच संगीत, एकाच तारेवर, सावकाश. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःचाच राग आला.

मग मी भुयारात उतरले. वही उघडावी लागली नाही, पावलं पायांतच होती. जुना गेम बनवणारी माणसं कधीच सोडून गेली होती, आणि नव्यांनी भुयार पुन्हा उभारताना खेळाडूंच्या नकाशांचा आधार घेतला होता. हे त्यांनीच पहिल्या पानावर अभिमानाने लिहिलं होतं. पहिला मजला जसाच्या तसा. दुसराही. तिसऱ्यावर उत्तरेचा बोळ, बारा पावलं, डावीकडे चाळीस, आणि जिथे भिंत यायला हवी तिथे भिंत नव्हती.

विहीर होती. दगडी काठाची, दोरासकट. वाकले तर खाली पाण्यात माझी मशाल हलत होती. काठावर पितळी पाटी: ‘गरुडराजाची विहीर. भुयाराचा पहिला नकाशा काढणाऱ्याच्या सन्मानार्थ.’

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझं खोटंसुद्धा त्याच्या नावावर लागलं होतं.

आई कामावरून आली तेव्हा मी तशीच पडद्यासमोर बसले होते. तिला सगळं सांगितलं, सदतीस तोंडांसकट. तिने पर्स खांद्यावरच ठेवून वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, पाणी सुंदर काढलंय. मी भडकले. मग ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली की अशी खूण फक्त गल्ली नसेपर्यंत कामाची. इथे तर त्यांनी गल्ली बांधूनच टाकली, आता कोण म्हणेल ती खोटी होती.  उठता उठता तिने सहज विचारलं, “जुना गेम अजून चालू आहे का गं?”

चालू होता. रविवारी संध्याकाळी पाच वाजता कायमचा बंद होणार होता.

म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते. विहीर नसलेली भिंत जगात एकाच ठिकाणी उरली होती, आणि दादाला तिथे आणायचं होतं, त्याच्या पायांनी, त्याच्या तोंडाने, त्याच्या लोकांच्या देखत. हे मी चष्मिष आणि भोंगाला सांगितलं तेव्हा त्यांनी ती पैज लावली.

तर, शनिवार. दादाने माझा प्रश्न मोठ्याने वाचला. मी तो दुसऱ्या नावाने टाकला होता, त्यामुळे त्याला काही वास आला नाही. तो खुर्चीत मागे रेलला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, “कमरेएवढं. लोकांना वाटतं खोल आहे, पण मी स्वतः दोनदा उतरलोय.”

भोंगाने उशी तोंडात कोंबली. मी लगेच पुढचं लिहिलं: उद्या जुना गेम बंद होतोय, त्याआधी आम्हाला एकदा ती विहीर दाखवशील का. चष्मिषने तिच्या फोनवरून लिहिलं, दाखव ना. भोंगाने तिच्या आणि तिच्या आईच्या, दोन्ही फोनवरून लिहिलं. मग ओळखीपाळखी नसलेले लोकही लिहायला लागले, दाखव, दाखव, शेवटचं एकदा. दादाच्या चेहऱ्यावर एक क्षणभर काहीतरी हललं. नकाशाची चोरी त्याला आठवत असणार. पण तिसऱ्या मजल्यावर तो कधी स्वतः गेलाच नव्हता, म्हणून नकाशात खोट असेल हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. माझी वही चुकत नाही यावर माझ्याइतकाच त्याचाही विश्वास होता. तो म्हणाला, उद्या चार वाजता, गडाच्या दारात जमा, सगळ्यांना घेऊन जातो.

मी तीनलाच जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. मुंगी म्हणून.

सव्वाचारला लांबून उजेड आला. आधी वाटलं वीसतीस जण असतील. बोळ भरला तरी मागून मशाली येतच होत्या. पुढे दादा, सोनेरी पंखांचा गरुडराजा, आणि लाइव्हवरचा त्याचा आवाज माझ्या कानात: बारा पावलं, आता डावीकडे, आता चाळीस. माझीच मोजणी. एकतीस, बत्तीस. मागचे लोकही त्याच्याबरोबर मोजत होते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

जुन्या गेममध्ये भिंतीवर आदळलं की धप्प असा आवाज येतो, कणकेचा गोळा पडल्यासारखा. गरुडराजा आदळला. दोन पावलं मागे जाऊन पुन्हा आदळला. मग डावीकडे सरकून. मग उजवीकडे. पाचदा धप्प झालं. शेजारी बसलेली भोंगा माझा दंड इतका घट्ट धरून होती की नंतर तिथे निळं पडलं.

दादा म्हणाला की विहीर कंपनीने काढून टाकली असणार, गेम बंद होतोय म्हणून आवराआवर चालली असेल. कुणीतरी ‘हो, असेल’ लिहिलंही. पण मागून एका म्हाताऱ्या दिसणाऱ्या जादूगाराने लिहिलं की तो गेमच्या पहिल्या आठवड्यापासून इथे येतोय, या बोळात विहीर कधीच नव्हती, आणि नकाशात बघून त्याला नेहमी वाटायचं की आपणच चुकतोय. मग दुसऱ्याने तेच लिहिलं. मग कुणीतरी विचारलं, मग तू दोनदा उतरलास कुठे?

तेव्हा मी उभी राहिले. वहीच्या त्या पानाचा फोटो टाकला, वर आईच्या पेनाने घातलेली तारीख, त्याच्या व्हिडिओच्या पाच आठवडे आधीची. आणि वर्षभर मनात घोळवलेली, लांबलचक, अपमानांनी भरलेली सगळी भाषणं विसरून एवढंच लिहिलं: “विहीर मी काढली होती. खोटी. चोर ओळखायला.”

दादाने ते वाचलं. चित्र चालू होतं. त्याचा हात कॅमेऱ्याकडे आलेला दिसला. मग चित्र गेलं.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही. पोटात थंडगार, छान वाटलं. हसरी तोंडं यायला लागली आणि मी ती मोजायला लागले, सदतीसच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं. म्हाताऱ्या जादूगाराने पिशवीतून एक बादली काढून भिंतीपाशी ठेवली. मग दुसऱ्याने ठेवली. पाच वाजता सगळं काळं झालं तेव्हा त्या भिंतीपाशी निदान शंभर बादल्या होत्या.

मी त्याच संध्याकाळी गेम बनवणाऱ्यांना लिहिलं, वहीची सगळी पानं जोडून. मंगळवारी उत्तर आलं. त्यांनी तपासलं होतं. क्षमा मागितली होती. पाटी बदलून माझं नाव लावायला ते तयार होते, पण मी अठराच्या आतली म्हणून सोबतच्या कागदावर आईबाबांची सही हवी होती. मी कागद छापून टेबलावर ठेवला, बाबांच्या एका कवळीखाली, उडू नये म्हणून.

तोवर आत्याचा फोन येऊन गेला होता. तिच्या म्हणण्यानुसार दादा दोन दिवस खोलीतून बाहेर आला नव्हता, कॉलेजला गेला नव्हता, आणि घरातल्या पोरीने घरच्याच पोराची अशी गावभर शोभा करावी का. बाबा फोनवर सारखं “ताई, ऐक, ताई” म्हणत होते. नंतर मला म्हणाले की कंपनीला लिही, दोन्ही नावं लावा. नकाशा तू काढलास, त्याने लोकांपर्यंत नेला. भांडण मिटेल, रविवारी आत्याकडे जेवायला जाता येईल. बाबांना प्रत्येक गोष्ट घासून दोन्ही बाजूंना बसवायची सवयच आहे, कामच तसलं.

बुधवारी दादा स्वतः आला. आई अजून आली नव्हती, बाबा आत साचे धूत होते. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, आणि खरं सांगते, त्याला दारात बघून माझ्या रागाला जरा भोक पडलं. तो बसला. म्हणाला की दोन्ही नावं लावू, तो मला टोळीत परत घेईल, नव्या गेममध्ये उपनायक करेल. मी विचारलं की तू माझा नकाशा चोरलास असं एकदा म्हणशील का.  तो म्हणाला:

“तुझं नाव टाकलं असतं तर चार जणांनी तरी बघितला असता का? मुंगीचा नकाशा? मी होतो म्हणून ती विहीर खरी झाली.”

त्याला खरंच तसं वाटत होतं. हेच मला सहन झालं नाही. तो खोटं बोलत असता तर कदाचित मी दोन नावांना हो म्हटलं असतं. भोक बुजलं. मी उठून त्याला दार उघडून दिलं, चप्पल नीट फिरवून ठेवली, आणि “आत्याला नमस्कार सांग” म्हटलं, अगदी गोड आवाजात.

आत्ता जेवायला बसलो तेव्हा तो कागद टेबलावर तसाच होता. बाबांनी कवळी उचलून बाजूला ठेवली, पेन काढलं आणि पुन्हा विचारलं की मग दोन्ही नावं लिहायची ना. आईने पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला. मी गेल्या वर्षीची असते तर ताटात बघत मान हलवली असती. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले, आणि आवाज कापेल असं वाटलं होतं तो कापला नाही.

“नाव एकच लागणार, माझं. सही आज केलीत तर आज, नाही केलीत तर मी अठरा पूर्ण होईपर्यंत थांबेन, पण दोन नावं लागणार नाहीत. आणि रविवारी आत्याकडे मी येणार आहे. दादाच्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसणार आहे, आणि त्याच्या ग्लासात पाणी मीच ओतणार आहे.”